पौषात रुसलेली घोडी



आम्ही तापीकाठच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. बारा जणी आहोत. कुणी शेळ्या पाळतं, कुणी मजुरीला जातं, एक जण शिलाई करते आणि एकीच्या घरी वरातीच्या घोडीचा धंदा आहे. आज आम्ही त्या घोडीविषयी बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, आमच्या दारात गाय, म्हैस, फार तर शेळी. घोडी कुठून आली? पण बघा, धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहून नेणारी घोडी असते. माथेरानला मोटारीला बंदी, तिथं कितीतरी घरं घोड्यावर चालतात. वीटभट्टीवर घोडी-खेचरं राबतात, आणि वरात तर गावोगाव निघते. घोडीचा लगाम पुरुषाच्या हातात दिसतो, पण पहाटे तिच्यापुढं चारा टाकणारी, पाणी दाखवणारी, लीद काढणारी बहुतेक घरात बाईच असते. म्हणून हे बोलणं बायांसाठीच आहे.

आमच्या भागात सारंगखेड्याला मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार जुना आणि मोठा. मारवाडहून, काठेवाडहून, पंजाबातून, उत्तर प्रदेशातून घोडी येतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या त्या वहिनीच्या घरची म्हातारी घोडी गेली, म्हणून यात्रेतून नवी घ्यायचं ठरलं. घरचे पैसे कमी पडले. गटातून साठ हजार रुपये कर्ज दिलं. आम्ही बाराही जणींनी अंगठे-सह्या केल्या. तेव्हा गटाच्या पेटीत एकाला दिलेलं ते सगळ्यात मोठं कर्ज होतं.

घोडी आली. पांढरीशुभ्र, कानांची टोकं आत वळलेली, मारवाडी जातीची. तिचं नाव चांदणी ठेवलं. आम्ही ओवाळलं, गूळ दिला. हिशेब सोपा होता. पौषात आपल्याकडे लग्नं नसतात, तेवढ्या महिन्यात घोडी घराला रुळेल आणि माघात वराती सुरू होतील. माघाच्या चार सुपाऱ्या घरात आधीच येऊन बसल्या होत्या.

पण चांदणीनं चाऱ्याला तोंडच लावलं नाही.

आता आमच्या खान्देशात दादरचा कडबा म्हणजे जनावराचं पक्वान्न. गाई-म्हशी त्यासाठी दावं तोडतात. या बाईसाहेबांनी कडब्याचा वास घेतला, दोन धाटं चावली आणि तोंडातून खाली टाकून दिली. पाणी दाखवलं तर ओठ बुडवून तोंड वर. थंडी तर अशी की पहाटे हातपाय बधिर व्हावेत. आठ दिवसांत तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

गावात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, हिच्या कपाळावरचा भोवरा वाईट, ही कुलक्षणी आहे. कुणी म्हणालं, नखरेल आहे, दोन दिवस उपाशी ठेवा म्हणजे झक मारत खाईल. आमच्या गटातली सगळ्यात मोठी आक्का तेव्हा म्हणाली, "अगं, मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा इथल्या विहिरीचं पाणी मला घशाखाली उतरत नव्हतं. माहेरी बाजरीची भाकर, इथं कळण्याची. महिनाभर मी अर्धपोटी होते आणि सासू म्हणायची, सुनेचे नखरे फार. कुणी विचारलं नाही, पोरी, तुला काय होतंय?"

आक्का खरं बोलत होती, पण त्या दिवशी आम्ही ते ऐकून हसण्यावारी नेलं.

मग आम्ही चूक केली. आमची म्हणतो, कारण सल्ला आम्हा सगळ्यांचा होता. घोडी कडबा खात नाही ना, मग तिला आवडेल ते द्या. भिजवलेले हरभरे तिनं खाल्ले. मग हरभरे वाढवले. त्यात गूळ. वर गव्हाच्या पोळ्या. एका घरी बारसं होतं, तिथून उरलेला भात आणि बुंदी आणली, तीही तिनं चाटूनपुसून खाल्ली. आम्हाला वाटलं, जमलं! घोडी खाते आहे! कडबा तसाच पडून राहायचा, पण तोबरा रिकामा होतोय याचाच आनंद.

पाचव्या रात्री चांदणी खाली बसली, उठली, परत बसली. पुढच्या पायानं जमीन उकरू लागली. मान वळवून सारखी कुशीकडे बघायची. अंगाला घाम आणि कान गार. संध्याकाळपासून लीद नव्हती. घरातली माणसं म्हणाली, बांबूच्या नळीनं तेल आणि ओव्याचा काढा पाजा. वहिनीनं फोन लावला. ज्या सरकारी फिरत्या दवाखान्याची गाडी 1962 या नंबरवर बोलावता येते, तो नंबर तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर शेळ्यांसाठी लिहिलेला होता. फोनवर आधी सांगितलं गेलं, तोंडातून काही ओतू नका. शेवटी तालुक्याहून डॉक्टर आले तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हिनं चार दिवसांत काय काय खाल्लं? पाणी किती प्यायली?" घरचे कर्ते पुरुष एकमेकांकडे बघू लागले. उत्तर वहिनीकडे होतं. हरभरे किती, गूळ किती, बुंदी कधी, पाण्याच्या बादल्या किती परत आल्या, सगळं तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, मला तुमच्याशीच बोलायचंय." त्यांनी नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. पहाटे चांदणीनं लीद टाकली. आम्ही बाराही जणी गोठ्यात जाग्या होतो. लिदीला बघून रडू आलेल्या बाया तुम्ही कधी पाहिल्या नसतील. आम्ही त्या रात्री रडलो.

त्यानंतर डॉक्टरांनी आणि अनुभवानं जे शिकवलं, ते तुम्हाला सांगतो.

घोडीचं पोट गाईसारखं नाही

गाय भराभर गिळते आणि मग निवांत रवंथ करते. घोडी रवंथ करत नाही. तिचं जठर अंगाच्या मानानं फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं. मोकळ्या रानात घोडी दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत असते. तिची लाळ चावतानाच सुटते. म्हणजे खरखरीत चारा चावला तर लाळ, आणि लाळ आली तर पोट शांत. आणि लक्षात ठेवा, घोडीला उलटी होत नाही. जे आत गेलं ते पुढंच सरकलं पाहिजे. म्हणून तिचा पोटशूळ जीवघेणा ठरतो.

धान्य, गूळ, भात, मिठाई एकदम पोटात गेली की ती मागच्या मोठ्या आतड्यात आंबते. त्यानं पोटशूळ होतो, आणि कधी कधी खुरांच्या आतला भाग सुजतो. मग घोडी पाय उचलायला तयार होत नाही, पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभी राहते. असं खूर एकदा बिघडलं तर घोडी कायमची अधू होऊ शकते. वरातीत लोक हौसेनं घोडीला जिलबी भरवतात ना, ती हौस बंद करा. आम्ही आता घोडीवाल्याच्या हाती मूठभर गाजरं देऊन पाठवतो. ज्याला हौस आहे त्यानं गाजर भरवावं.

थंडीत ऊब चाऱ्यातून येते

आम्हाला वाटायचं, थंडीत हरभरे जास्त द्यावेत, ते उष्ण. पण घोडीला खरी ऊब सुका चारा पचताना मिळते. मागच्या आतड्यात चारा आंबून पचतो, त्यातून तासन् तास उष्णता निघत राहते. म्हणून थंडी वाढली की चंदी वाढवू नका, रात्रीचा चारा वाढवा. दिवसभराच्या चाऱ्यातला मोठा वाटा रात्री पुढ्यात असावा.

एका दिवसाला किती? अंगाच्या वजनाच्या साधारण शंभराला दोन भाग सुका चारा. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर सात किलो. वजन कसं काढायचं? आमच्या शिलाईवाल्या मैत्रिणीनं काढलं. तिची टेप दीडशे सेंटिमीटरची, ती पुरेना, म्हणून सुतळीनं मापं घेतली आणि सुतळी टेपवर मोजली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेरानं गुणायचं, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणायचं आणि 11,880 नं भागायचं. चांदणीचा घेर 165, लांबी 155. मोबाइलवर हिशेब केला, 355 किलो आले. अगदी काटेकोर नाही, पण कामापुरतं बरोबर. हा हिशेब नको असेल तर घेराच्या सुतळीला गाठ मारून ठेवा. दर रविवारी तीच सुतळी लावा. गाठ पुढं सरकली की मागं, त्यावरून घोडी भरते की झडते ते कळतं. हिवाळ्यात अंगावर केस दाट येतात, त्याखाली बरगड्या लपतात. म्हणून नुसतं बघू नका, हात फिरवून बघा.

खात नाही म्हणजे नखरे नव्हेत

हे आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं. घोडी चारा टाकते तेव्हा एकेक कारण तपासायचं.

पहिलं, दात. घोडीचे दात आयुष्यभर थोडे थोडे वर येत राहतात आणि चावून झिजतात. झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांची बाहेरची कड धारदार होते आणि गालाला लागते. खालच्या दाढांची आतली कड जिभेला लागते. अशी घोडी घास चघळते आणि ओल्या गोळ्यासारखा बाहेर टाकते. चांदणीनं पहिल्याच दिवशी चावलेली धाटं टाकली होती. तिनं सांगितलं होतं, आम्हाला वाचता आलं नाही. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात येऊन तिच्या दाढा कानशीनं घासल्या. गालात आत जखमा होत्या. मऊ हरभरे आणि बुंदी ती का खात होती, ते तेव्हा उमगलं. वर्षातून एकदा दात दाखवाच. कानस मात्र डॉक्टरच्याच हाती.

दुसरं, चाऱ्यात बदल. आतड्यातले जे बारीक जंतू चारा पचवतात, त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. सात ते दहा दिवस जुन्यात नवा थोडा थोडा मिसळावा. चांदणी जिथून आली तिथं ती सुकं गवत आणि घास खात होती. आम्ही एका रात्रीत कडब्यावर आणली.

तिसरं, पाणी. थंडीत गार पाणी घोडी कमी पिते आणि सुका चारा जास्त खाते. मग लीद घट्ट होऊन आतड्यात अडकते. दिवसाला वीस ते तीस लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. आम्ही चुलीच्या मागच्या उल्यावर पातेलं ठेवतो, ते गरम पाणी बादलीत ओतून कोमट करतो. चांदणी अर्धी बादली प्यायची, ती पूर्ण पिऊ लागली. चंदीत रोज दोन मोठे चमचे मीठ घालतो, म्हणजे तहान लागते. गव्हाणीत सैंधवाचा खडाही ठेवतो.

चौथं, एकटेपण. घोडी कळपातलं जनावर. यात्रेत शेकडो घोड्यांत उभी होती, आणि इथं एकटी. आम्ही शेजारी एक शेळी बांधली. तुम्हाला खोटं वाटेल, पण शेळी खायला लागली की चांदणीही मान खाली घालायची.

पाचवं, आजार. ताप, घशाखाली गाठ, नाकातून पू, जंत, यापैकी काहीही असलं तर घोडी खात नाही. जबडाच उघडत नसेल, अंग ताठ झालं असेल तर धनुर्वात असू शकतो. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, खिळा किंवा काटा लागल्याचं निमित्त पुरतं. त्याची लस मिळते, ती देऊन ठेवा. आणि नव्या घोडीची ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा दाखला बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. हा रोग माणसालाही होतो. ज्या घोड्याला तो होतो त्याला कायद्यानं मारावं लागतं. नवी घोडी आली की निदान पंधरा दिवस तिची बादली, तोबरा, जागा इतर घोड्यांपासून वेगळी ठेवा.

काय द्यावं आणि काय देऊ नये

आता आमच्या चांदणीचा हिवाळ्यातला दिवस सांगतो. घोडी साडेतीनशे किलोची, महिन्यातून दोन-चार वरातींचं काम. तुमच्या घोडीप्रमाणे कमी-जास्त करा.

पहाटे उठल्यावर कोमट पाणी. मग दोन किलो सुकं गवत. बांधावरचं मारवेल, पवन्या, हरळी आम्ही दिवाळीच्या आसपास कापून सावलीत वाळवून ठेवतो. ऊन चढल्यावर खरारा आणि तासभर मोकळं फिरवणं. फिरल्याशिवाय आतडं चालत नाही. मग पाचशे ग्रॅम चंदी. दुपारी पाच किलो हिरवा घास, म्हणजे लसूणघास, पण कापून चार तास सुकवलेला. दवानं ओला, कोवळा घास भरपूर दिला की पोट फुगतं. संध्याकाळी पाणी, परत पाचशे ग्रॅम चंदी, आणि रात्री झोपण्याआधी चार किलो गवत-कडबा मिळून. रात्री जाग आली तर आम्ही एकदा डोकावतो.

चंदी म्हणजे रात्री भिजवून भरडलेला हरभरा आणि जव, त्यात दोन मुठी गव्हाचा कोंडा, मीठ, चमचाभर तेल. एका वेळी दीड किलोच्या वर चंदी कधीच नाही. आधी चारा, मग चंदी, हा क्रम मोडू नका. कोंडा घोडीला फार आवडतो, पण नुसत्या कोंड्यावर ठेवली तर हाडातला चुना कमी होतो, जबड्याची हाडं सुजतात. सोबत घास दिला की तो तोल सांभाळला जातो.

कडब्याची कुट्टी अगदी बारीक करू नका. बारीक कुट्टी घोडी न चावता गिळते आणि घशात किंवा आतड्यात अडकते. बोटभर लांबीचे तुकडे ठेवा, वर कोमट पाणी शिंपडा. धूळही बसते आणि चवही येते. गाजर उभं चिरून द्या, गोल चकत्या घशात बसतात.

आता नको त्या गोष्टी. अवकाळीत भिजलेला, पांढरी भुकटी उडणारा, कुबट वासाचा चारा अजिबात नको. गाय कदाचित निभावेल, घोडी निभावणार नाही. बुरशी लागलेल्या मक्यानं तर घोड्याचा मेंदू बिघडतो आणि त्यावर इलाज नाही. हिरवी कोवळी ज्वारी आणि कापलेल्या ज्वारीचे फुटवे घोडीला देऊ नका, त्यात विष असतं. आणि कोंबड्यांचं खाद्य घोडीच्या तोंडी कधीही जाऊ देऊ नका. कोंबड्यांच्या आणि काही वेळा गुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. ते कोंबडीला चालतं, गाईला चालतं, घोड्याचं काळीज मात्र थोड्याशानंही बंद पाडतं. एकाच दारात कोंबड्या आणि घोडी असतील तर पोती वेगळ्या खोलीत ठेवा आणि मापंही वेगळी ठेवा.

रुसलेलीला मनवायचं कसं

दात घासल्यावर तोंडाच्या जखमा भरायला दिवस लागले. तोवर तिला मऊ, कोमट पाण्यात भिजवलेलं गवत दिलं. एकदम ढीग टाकला की ती तुडवायची, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं. गव्हाण उंचावर होती, ती खाली आणली, कारण घोडी मान खाली घालून खाते आणि तसं खाल्लं की नाकातली धूळही बाहेर येते. तोबरा रोज धुवून उन्हात वाळवला. आधी तो आंबूस वास मारायचा, आपण तरी खरकट्या ताटात जेवलो असतो का? दोन जागी दोन प्रकारचा चारा ठेवला, तिला निवडू दिलं. पहिल्यांदा गवतात मूठभर कडबा, मग दोन मुठी, मग पेंढीचा चौथा भाग. अकराव्या दिवशी तिनं दादरचा कडबा आपणहून ओढला. पौषात जुना कडबा संपत आलेला असतो, नवी दादर अजून शेतात उभी असते, पेंढीला पेंढी महाग. त्यातली एक पेंढी तिनं फस्त केली तेव्हा आम्हाला महाग वाटली नाही.

अंगावर जुन्या पोत्यांची झूल शिवली. पण झूल ओली झाली तर काढायचीच, ओली झूल उघड्या अंगापेक्षा वाईट. वरातीवरून घामाघूम आली की तिला लगेच बांधत नाही. आधी हळू चालवतो, सुक्या पोत्यानं पुसतो, थोडं थोडं कोमट पाणी, मग चारा. चंदी तासाभरानं.

रात्रीच्या वेळी काय बघायचं

गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही हे लिहून ठेवलंय, तुम्हीही लिहा. चांगली घोडी दिवसाला आठ ते बारा वेळा लीद टाकते. गोळे ओलसर, मोडणारे असावेत. शांत उभी असताना नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. ताप 101 च्या वर नको. कुशीला कान लावला तर गुडगुड ऐकू यावी. कुशी गप्प असली तर पोट बंद पडतंय.

जमीन उकरणं, कुशीकडे बघणं, बस-ऊठ, लोळणं, वरचा ओठ वळवणं, घाम, लीद बंद, यातलं काही दिसलं की पुढ्यातला चारा उचला आणि लगेच डॉक्टरला बोलवा. येईपर्यंत हळूहळू चालवा, पण दमवू नका. तोंडातून, नाकातून तेल-काढा ओतू नका, तो फुप्फुसात जाऊन घोडी दगावते. डाग देऊ नका.

बाजारात जाल तेव्हा

घोडी घेताना पुरुष पाय बघतात, रंग बघतात, चाल बघतात, भोवरे बघतात. तुम्ही बरोबर जा आणि विकणाऱ्याला विचारा: काय खाते? किती खाते? किती वेळा? पाणी विहिरीचं की नदीचं? दात कधी घासले? जंताचं औषध कधी दिलं? आणि आठवडाभर पुरेल एवढा तिच्या सवयीचा चारा व चंदी मागून घ्या. पैसे लागले तरी द्या. चार घास आपल्यासमोर खायला लावा. चावलेला गोळा खाली पडतो का बघा.

आता तुम्ही विचाराल, माघाच्या सुपाऱ्यांचं काय झालं? पहिल्या दोन परत केल्या. घोडी अशक्त होती, तिच्या पाठीवर नवरदेव बसवायला वहिनी तयार नव्हती. घरात त्यावरून वाद झाला. "सुपारी परत करणं म्हणजे धंद्याचं नाव घालवणं," असं घरची मंडळी म्हणत होती. वहिनी म्हणाली, "त्या रात्री डॉक्टरांनी मला विचारलं होतं, म्हणून आज मीच सांगते, नाही जायचं." हप्ताही दोन महिने थकला. बैठकीत एक-दोघी कुरकुरल्या, आणि त्यांचंही बरोबर होतं, पैसे सगळ्यांचे होते. शेवटी ठरलं की दोन हप्ते पुढं ढकलायचे, व्याज तेवढं भरायचं. आक्का म्हणाली, "बुंदी तर आपणच भरवली होती ना?" त्यावर कुणी बोललं नाही.

माघाच्या शेवटच्या आठवड्यात चांदणी पहिल्या वरातीला गेली. कर्ज गेल्या दिवाळीला फिटलं. त्यातून आमच्या गटात एक नवा नियम आला. कुणीही जनावरासाठी कर्ज घेतलं तर पहिल्या पंधरा दिवसांच्या चाऱ्याचे आणि एका डॉक्टर-भेटीचे पैसे कर्जातच धरायचे. आणि कर्जाच्या कागदावर, जनावराचं चारापाणी घरात कोण करतं तिचं नाव लिहायचं.

ज्या बायांच्या दारात या हिवाळ्यात नवं जनावर आलं असेल, घोडी असो, गाय असो, की शेळी, त्यांना आमचं एवढंच सांगणं. ती खात नसेल तर आधी तिच्या तोंडात बघा, मग पाण्याला हात लावून बघा, मग चाऱ्याचा वास घ्या. नखऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी घ्या. आणि घरात नवी सून आली असेल, ताटात अर्धी भाकर ठेवून उठत असेल, तर तिलाही एकदा विचारा, पोरी, तुला काय होतंय?

आमचं बोलणं इथं संपवतो. थंडी आहे, चुलीवर पाणी ठेवायची वेळ झाली. नमस्कार.